अर्ध्या तासाचा एक श्वास
लिस्टचा बी मायनर सोनाटा : वादन आणि ध्वनिमुद्रण



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते हार्मोनियम वाजवीत आणि आम्हाला प्रार्थना व नाट्यपदे शिकवीत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून पियानोवरील एका युरोपीय रचनेविषयी बोलण्याची अनुमती मला मिळाली, याचे बाहेरगावच्या श्रोत्यांस कदाचित नवल वाटेल. गोव्यातील श्रोत्यांस वाटू नये. एका आळीत आरतीचा टाळ आणि पलीकडल्या आळीत कुणा मुलीचे पियानोवरचे धडे, हे आमच्या पिढीच्या कानांनी एकाच संध्याकाळी ऐकलेले आहे. मी ते धडे ऐकता ऐकता त्या घराच्या पायऱ्या चढलो आणि पुढे त्यातच आयुष्य गेले. गेली चाळीस वर्षे मी पियानो शिकवतो. साठी जवळ आली तेव्हा, बोटांत बळ आहे तोवर एक काम पुरे करावे असे मनात आले. फ्रान्झ लिस्ट याचा बी मायनर सोनाटा जाहीर मैफलीत वाजवायचा आणि मग त्याचे ध्वनिमुद्रण करून ठेवायचे, हे ते काम. त्या निमित्ताने जे कळले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम रचनेविषयी. लिस्ट १८११ साली तेव्हाच्या हंगेरीत जन्मला आणि तिशीपर्यंत अवघ्या युरोपातील सर्वांत गाजलेला पियानोवादक झाला. असा माणूस सप्टेंबर १८४७ मध्ये, अवघा पस्तीस वर्षांचा असताना, पैशासाठी मैफली करणे थांबवतो आणि जर्मनीतील वायमार या लहानशा राजधानीत दरबारी संगीतप्रमुख म्हणून स्थायिक होतो. हा सोनाटा तिथला. हस्तलिखितावर २ फेब्रुवारी १८५३ ही तारीख आहे; प्रकाशन १८५४ चे. टाळ्यांचा मोह ज्याने मागे टाकला होता त्याने ही रचना केली, ही गोष्ट वादकाने नित्य ध्यानात ठेवावी असे माझे मत आहे. कारण सोनाट्यात बोटांची कसरत विपुल आहे, आणि ती कसरत दाखविण्याकरिताच सारे लिहिले आहे असा समज करून देणारे वादन पदोपदी ऐकू येते.

त्याचे पहिले स्वागत फार निष्ठुर झाले. लिस्टने तो रॉबर्ट शूमान यास अर्पण केला होता. शूमानने आपली सी मेजरमधील फँटसी १८३९ मध्ये लिस्टला अर्पण केली होती, तिची ही परतफेड. परंतु छापील प्रत शूमानच्या घरी पोहोचली तेव्हा तो एंडेनिखच्या मनोरुग्णालयात होता. त्याची पत्नी क्लारा स्वतः श्रेष्ठ पियानोवादिका. तिला त्यात गोंगाटापलीकडे काही सापडले नाही. तरुण ब्राम्सला लिस्टने स्वतः तो वाजवून दाखवला असता ब्राम्सला डुलकी लागली, अशी आठवण लिस्टचा अमेरिकन शिष्य विल्यम मेसन याने लिहून ठेवली आहे. (प्रवासाचा शीण असेल, असे मी ब्राम्सच्या बाजूने म्हणतो.) वाग्नरने मात्र १८५५ मध्ये लंडनला क्लिंडवर्थकडून तो ऐकला आणि लिस्टला भारावून पत्र लिहिले. पहिले जाहीर वादन झाले २७ जानेवारी १८५७ रोजी बर्लिनमध्ये. हान्स फॉन ब्यूलो वादक होता आणि वाद्य होते बेखश्टाइनच्या कारखान्याचा पहिला ग्रँड पियानो. योगायोग असा की बेखश्टाइन, ब्ल्यूटनर आणि न्यूयॉर्कचे स्टाइनवे हे तिन्ही कारखाने १८५३ सालीच, म्हणजे सोनाटा पुरा झाला त्याच वर्षी, निघाले. ही रचना पेलू शकणारे वाद्य आणि ही रचना बरोबरीनेच वयात आली असे म्हणायला हरकत नाही.

आता तिचे अंतरंग. सोनाटा म्हटला की तीन किंवा चार स्वतंत्र भाग, मध्ये थांबून श्वास घ्यायला जागा, अशी रूढी होती. लिस्टने ती मोडली. स्वरलिपीत उभ्या रेषांनी पाडलेली जी घरे असतात त्यांना बार म्हणतात. असे ७६० बार इथे कुठेही न तुटता एकापाठोपाठ येतात. सुमारे अर्धा तास लागतो. ऐकणाऱ्यास त्यात आरंभीचा वेगवान भाग, मधला संथ भाग, मग एक खोडकर भाग आणि शेवट असे चार भागही जाणवतात. आणि तरीही सारे मिळून एकाच भागाचा आराखडा होतो. अमेरिकन अभ्यासक विल्यम न्यूमन यांनी या दुहेरी बांधणीला नावही दिले आहे. शास्त्रीय काथ्याकूट बाजूला ठेवू. कानाला कळावे असे सांगायचे तर, पहिल्या पानावर जी चार-दोन स्वरवाक्ये येतात त्यांतूनच पुढचे जवळजवळ सर्व घडते.

पेडणे-सावंतवाडीकडचा दशावतार आपण पाहिला आहे. एकच नट रात्रभरात कधी राजा होतो, कधी राक्षस, कधी साधू. वेष बदलतो, चालण्याची ढब बदलते, पण पायांची ठेवण ओळखू येते. लिस्टची स्वरवाक्ये अशी वागतात. चौदाव्या बारापासून डाव्या हातात खर्जाजवळ एक वाक्य येते. एकच स्वर हातोडीसारखा ठोकत राहतो. त्यात उपहास आहे, दात-ओठ खाणे आहे. तेच वाक्य १५३ व्या बारापासून संथ होऊन उजव्या हातात येते आणि त्याचे एक हळवे प्रेमगीत होते. स्वर तेच. ज्या श्रोत्याला हे पहिल्या खेपेस आपोआप कळले त्याचा कान धन्य. मला ते कागदावर दाखवावे लागले होते. यात फाउस्टची कथा आहे, सैतान आहे, स्वर्गातून झालेले पतन आहे, असे पुष्कळ अर्थ पुढच्यांनी लावले. लिस्टने स्वतः कसलीही कथा जोडलेली नाही, आणि मी विद्यार्थ्यांना एकही सांगत नाही.

आरंभाविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण तिथे आपल्या कानांना ओळखीची खूण सापडते. प्रथम खालच्या सप्तकातला ‘जी’ हा स्वर दबक्या आवाजात, मध्ये विराम ठेवीत, नुसता टोचून जातो. मग एक अवरोही पंक्ती हळूहळू उतरते. ‘जी’ला षड्ज मानले तर तिचे स्वर भैरवीचे आहेत: रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल. पुन्हा तोच दबका ‘जी’, आणि पुन्हा एक पंक्ती उतरते. पण या वेळी रिषभ व निषाद शुद्ध, गंधार व धैवत कोमल, आणि मध्यम तीव्र. हंगेरीतील जिप्सी वादकांशी जोडली जाणारी ही स्वरावली. कर्नाटक पद्धतीत हेच स्वर सिंहेंद्रमध्यम या मेळाचे आहेत. लिस्टला राग ठाऊक होते असा याचा अर्थ मुळीच नव्हे, आणि राग केवळ स्वरांच्या यादीने होत नाही हे मास्तरांच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. परंतु दुसऱ्या अवरोहात तीव्र मध्यम आला की अंगावर जो बारीक काटा येतो तो का येतो, हे आपल्याला युरोपीय श्रोत्यापेक्षा कदाचित लवकर उमजते.

वादकापुढील अडचणी कोणत्या? लोक समजतात, सप्तकांच्या जोडस्वरांची. दोन्ही हातांनी एकाच स्वराची दोन रूपे, अंगठा आणि करंगळी ताणून, विजेच्या वेगाने वाजवायची. शेवटाकडे, सहाशे सत्तराव्या बारानंतर, वेग वाढता वाढता असा एक मजकूर येतो की त्यासाठी मनगटाची तालीम वर्षानुवर्षे करावी लागते. ती अडचण खरी आहे, पण मेहनतीने सुटणारी आहे. रोज संथ लयीत, आवाज न वाढवता, खांदा सैल ठेवून वाजवीत गेले की हात शिकतो.

खरी अडचण दोन ठिकाणी आहे. एक, ताकदीचा हिशेब. १०५ व्या बारापाशी डी मेजरमध्ये एक भव्य स्वरवाक्य येते आणि हात आपोआप सर्वस्व देऊन बसतात. पुढे अजून साडेसहाशे बार उरलेले असतात. दुसरे ठिकाण अधिक अवघड, आणि त्याला कोणी अवघड म्हणत नाही. मधला संथ भाग एफ-शार्प मेजरमध्ये आहे. कित्येक मिनिटे वादक अत्यंत मृदू वाजवीत असतो. बोटे ऊब हरवतात, मन ध्यानस्थ होते. मग आरंभीचा दबका स्वर परत येतो, अवरोही पंक्ती परत येतात, विराम येतो, आणि ४६० व्या बारापासून एकदम हलक्या, कोरड्या, तुटक स्वरांत एक फ्यूग सुरू होतो, म्हणजे एकच वाक्य एकामागून एक वेगवेगळे हात उचलतात आणि एकमेकांचा पाठलाग करतात. तोही मूळच्या बी मायनरमध्ये नव्हे. त्याहून अर्धा स्वर खाली, बी-फ्लॅट मायनरमध्ये. घर समोर दिसत असताना शेजारच्या दारात शिरल्यासारखे वाटते. गार पडलेल्या बोटांनी, अतिशय मंद आवाजात, घड्याळासारखे नेमके वाजवायचे. तो विराम किती लांबवायचा हे आधीच्या संथ भागाच्या श्वासावर ठरते. वेगळे ठरवता येत नाही.

मैफलीत हे सारे सांभाळून घेता येते. समोर माणसे असतात, त्यांचे ऐकणे जाणवते, आणि झाले ते झाले. ध्वनिमुद्रणाचे शास्त्र निराळे आहे.

लिस्ट १८८६ मध्ये वारला. फोनोग्राफ १८७७ चा. तरी त्याच्या वादनाचा एक स्वरही आपल्यापर्यंत आलेला नाही. शिष्यांपैकी काहींचे आले. एमिल फॉन साउअर याने १९३८ मध्ये लिस्टच्या दोन्ही कॉन्चेर्टोंचे ध्वनिमुद्रण केले आणि वाद्यवृंदाचा संचालक फेलिक्स वाइनगार्टनर हाही लिस्टचाच शिष्य होता. सोनाट्याच्या बाबतीत सुरुवातीच्या काळातील दोन मुद्रणे आजही ऐकली जातात: आल्फ्रेड कॉर्तोचे १९२९ चे आणि व्लादिमीर होरोविट्झचे १९३२ चे. कॉर्तोच्या वादनात चुकीचे स्वर पुष्कळ आहेत. ते निस्तरायला काही साधनच नव्हते. मेणाच्या तबकडीवर सुई रेघ ओढीत जाई, पुसणे नाही, जोडणे नाही. त्यामुळे जुने मुद्रण म्हणजे निर्भेळ सत्य आणि हल्लीचे म्हणजे कातरकाम, असे आमच्या व्यवसायात पुष्कळदा आदराने बोलले जाते.

मला हे अर्धसत्य वाटते. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत. होरोविट्झचा सोनाटा तीन तबकड्यांच्या सहा बाजूंवर विभागलेला होता. म्हणजे एकोणतीस वर्षांच्या त्या अद्भुत वादकाने दर चार-साडेचार मिनिटांनी हात उचलले, खोलीतील यंत्र थांबले, नवे मेण चढले. घरी ऐकणाराही दर बाजूला उठून तबकडी उलटत असे. अखंड अर्धा तास ना वाजवणाऱ्याला मिळाला, ना ऐकणाऱ्याला. ‘न कापलेले’ ते मुद्रण वस्तुतः सहा तुकड्यांत जन्मले होते. चुंबकीय फीत आणि १९४८ ची दीर्घ तबकडी आल्यावर मात्र श्रोत्याला सलग ऐकता येऊ लागले. आणि त्याच फितीने वस्ताऱ्याने कापून चिकटविण्याची सोयही आणली. म्हणजे ऐकणे अखंड झाले तेव्हाच वाजवणे खंडित करण्याची मुभा मिळाली. कॅनडाचा ग्लेन गूल्ड १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडून मुद्रणगृहात गेला आणि कातरकाम ही स्वतंत्र कला असल्याचे त्याने हिरिरीने मांडले. बाखच्या संगीतात त्याचे म्हणणे मला पटते. लिस्टच्या या सोनाट्यात पटत नाही, याचे कारण तो मधला विराम.

आमचे मुद्रण झाले ते जानेवारीत, एका जुन्या सभागृहात, तीन रात्री. जानेवारी अशासाठी की पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेने पियानोचे लाकूड फुगते, तारांना गंज धरतो आणि सूर आठवडाभरही टिकत नाही. ग्रँड पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात असतो. आत ओतीव लोखंडाची चौकट आहे म्हणून ते वाद्य उभे राहते. सप्तकांचे ते वादळ एकदा वाजवले की वरच्या तारा किंचित उतरतात. ट्यूनर रात्रभर बसून होता. पंखे बंद, वातानुकूलन बंद. दोन मायक्रोफोन पियानोपासून सहा-सात फुटांवर, माझ्या डोक्याहून थोडे उंच. जवळ नेले तर हातोड्यांची खटखट आणि पेडलचा सुस्कारा येतो. लांब नेले तर फ्यूगचे तुटक स्वर सभागृहाच्या घुमण्यात विरघळतात. आवाजाची पातळी ठरवायची ती सर्वांत मोठ्या जागेवरून. मग आरंभीचा दबका ‘जी’ इतका खाली जातो की बाहेरचे रातकिडे त्याच्या बरोबरीने ऐकू येतात. तो यंत्राने उचलून मोठा करता येतो. आम्ही केला नाही. दबक्या स्वराचा दबकेपणाच त्याने गेला असता.

पहिली रात्र जुळवाजुळवीत गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री मी सोनाटा प्रत्येकी एकदा आरंभापासून अंतापर्यंत वाजवला, शिवाय काही भाग सुटे. नंतर ऐकत बसलो तेव्हा असे दिसले की दुसऱ्या रात्रीचा संथ भाग फार सुरेख उतरला आहे आणि तिसऱ्या रात्रीचा फ्यूग अधिक नेमका. मुद्रणाचे काम करणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “सर, विरामातच जोडू. तिथं आवाजच नाही, सांधा कुणाला कळणार?” यांत्रिक दृष्टीने त्याचे म्हणणे बिनचूक होते. त्याने जोडून दाखवले. सांधा खरोखर ऐकू येत नव्हता.

पण फ्यूग घाईत आल्यासारखा वाटू लागला. दोनदा ऐकल्यावर कारण कळले. दुसऱ्या रात्री संथ भाग मी अधिक सावकाश वाजवला होता. त्या श्वासातून निघालेला विराम लांब होता आणि त्यातून निघणारा फ्यूगही किंचित सावकाशच असता. तिसऱ्या रात्रीचा फ्यूग तिसऱ्या रात्रीच्या विरामातून आला होता. शिवाय विरामात आवाज नाही हेही खरे नव्हते. रिकाम्या सभागृहालाही स्वतःचा एक स्वर असतो, आणि दुसऱ्या रात्री रातकिडे जास्त होते. शांततेची जात बदललेली कानाला कळते. काय बदलले ते मात्र सांगता येत नाही. त्यात दोन रात्रींच्या मध्ये ट्यूनरने वरच्या तारा पुन्हा लावलेल्या.

शेवटी तिसरी रात्र जशी होती तशी ठेवली. त्या सुरेख संथ भागावर पाणी सोडणे सोपे गेले नाही. आजही तो कधीतरी एकट्याने ऐकतो. दोन ठिकाणी बसायचे स्टूल करकरले होते. ते दोन क्षण त्याच रात्री, त्याच सुरात आधी वाजवून घेतलेल्या सुट्या भागांतून भरून काढले. म्हणजे कातरीला माझा तात्त्विक विरोध नाही. आधी एक सलग वादन पायाशी असावे आणि कातरीने त्याची सेवा करावी, इतकेच.

याच सोनाट्याच्या नामांकित मुद्रणांत वेळेचा केवढा फरक आहे पाहा. मार्था आर्गेरिकचे १९७१ चे मुद्रण सव्वीस मिनिटांच्या आत संपते. इव्हो पोगोरेलिचचे तेहतीसच्याही पुढे जाते. दोन्ही मला पटतात, कारण दोन्हींत पुढचा प्रत्येक वेग मागच्या वेगातून निघालेला आहे. आर्गेरिकचा संथ भाग पोगोरेलिचच्या फ्यूगला जोडून पाहावा, मग मी काय म्हणतो ते कळेल.

एक शेवटची गोष्ट, शेवटाविषयीचीच. लिस्टने आधी हा सोनाटा दणदणीत, मोठ्या आवाजात संपवला होता. ते हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. त्यात तो शेवट खोडून त्याजागी आजचा मंद शेवट घातलेला आहे. टाळ्या ओढणारा शेवट टाळ्या सोडलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने खोडला. आता तिथे संथ भागातील वाक्य परत येते, आरंभीच्या अवरोही पंक्ती परत येतात, वरच्या पट्टीत अगदी मंद असे काही स्वरसमूह उमटतात आणि डाव्या टोकाजवळचा एक आखूड ‘बी’ वाजून सारे थांबते.

हा स्वर आखूड आहे, धरून ठेवायचा नाही. पण पियानोच्या सर्वांत वरच्या तारांना आवाज दाबणाऱ्या गाद्या नसतात. त्यामुळे खालचा ‘बी’ तुटला तरी वर एक अस्फुट झंकार उरतो. तो किती वेळ ठेवायचा यावर आमची बरीच चर्चा झाली. तिसऱ्या रात्रीचे वादन पहाटे साडेचारला सुरू झाले होते. शेवटचा स्वर संपल्यावर मी हात मांडीवर घेतले आणि कोणीही हलले नाही. मुद्रणावर मोजले तर झंकार सहाव्या सेकंदापर्यंत ऐकू येतो, मग नुसते सभागृह, आणि अकराव्या सेकंदाला दूरवरून पोदेराच्या सायकलचा भोंगा. आम्ही नवव्या सेकंदाला थांबलो.